दारच्या नळाचं गूळपाणी

आमच्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला पाणी दिसलं की त्याची अक्कल गुडघ्यात जाते. हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही; मी स्वतः माणदेशातली. लहानपणी आमच्या वस्तीवर विहीर खणत होते तेव्हा रोज संध्याकाळी सगळे काठावर उभे राहून आत वाकून बघायचे. कातळात ओल दिसली त्या दिवशी माझ्या चुलत्यानं तो चिखल कपाळाला लावला होता. पाणी मचूळ निघालं. त्यात डाळ शिजायची नाही. पण मचूळ म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण पाण्याला नावं ठेवली तर ते रुसून जातं अशी आमच्याकडची समजूत.

पुढं मी रसायनशास्त्र शिकले आणि नोकरीला लखनौत आले, एका संशोधन संस्थेच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. निवृत्त झाले तीही इथंच. इथली जमीन पहिल्यांदा समजली तेव्हा मला हसूच आलं होतं. कुठंही पाइप ठोका, पाणी येतंच. गंगेच्या खोऱ्यातली गाळाची माती ती. पाणी लागेल का, हा प्रश्न इथं कुणाला पडतच नाही. प्रश्न असतो तो कुठल्या थरातलं पाणी लागलं याचा. वरच्या थरात माणसांची आणि जनावरांची सगळी घाण पाझरलेली असते. मधे चिकणमातीचा थर असतो, आणि तो ओलांडला की खालच्या वाळूत स्वच्छ पाणी. एवढी एक साधी गोष्ट आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या डोक्यात मला घालता आली नाही, आणि त्याची किंमत एका तान्ह्या पोरानं मोजली. हे लिहिताना मी शांत नाही आणि शांत व्हायची माझी इच्छाही नाही.

वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या घरी कामाला येणारी बाई रायबरेली रोडनं रोज शेअर टेम्पोनं यायची. शहर संपलं की आत वळून तिचं गाव, आणि गावापासून जरा तुटक तिचा टोला, म्हणजे आपल्याकडची वस्ती. टोल्यात घरोघरी छोटे हातपंप. इथं त्याला नुसतं नल म्हणतात. घरोघरी संडासही झालेत आणि त्यांचे शोषखड्डे नळापासून हातभर अंतरावर, कारण अंगणच तेवढं. मोठा, जाड बुंध्याचा, खोल बोअरचा पंप एकच होता आणि तो गावाच्या पलीकडं, शाळेत. त्याला तिकडं सगळे इंडिया मार्का म्हणतात. टोल्यातल्या बायकांचं पाण्याचं शास्त्र सोपं होतं: मार्काचं पाणी प्यायचं, छोट्या नळाचं भांड्याकपड्यांना. शास्त्र बरोबर होतं. पण मार्का लांब, आणि हात बायकांचेच.

या बाईच्या सुनेचं पहिलं मूल ऐन उन्हाळ्यात जुलाबानं गेलं. त्यानंतर सून आपल्याला आणि पुढं होणाऱ्या लेकराला म्हणून शाळेच्या मार्काचंच पाणी आणायची. सातवा महिना लागला तरी डोक्यावर हंडा घेऊन शेताच्या बांधावरून चालायची.

एकदा भांडी घासताना बाई मला म्हणाली, "दीदी, आप तो पानी वाली साइंटिस्ट हैं. हमारे टोले में एक मार्का लगवा दीजिए ना. बहू का पाँव भारी है."

मी तो विषय आमच्या मराठी मंडळात काढला. आमचं मंडळ म्हणजे रेल्वेतले, केंद्र सरकारी कचेऱ्यांतले आणि माझ्यासारखे संस्थांतले लोक. गणपती, हळदीकुंकू, कोजागरी, आणि उरलेल्या वेळात पोरं मराठी बोलत नाहीत म्हणून हळहळ. माझी लेकही त्यातलीच. मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीत येतं. अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर, मंगळवेढ्याकडचे. त्यांना सगळे साहेब म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. निशातगंजला त्यांच्या घरी बैठक झाली. साहेबांनी टाळी वाजवून सांगितलं, "या वर्षी डेकोरेशन साधं. तहानलेल्या गावाला पाणी द्यायचं." गाव तहानलेलं नाही, त्याला दूषित पाणी प्यावं लागतंय, हे मी तिथंच बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता, तशातली गत.

बोअर घ्यायच्या दिवशी आमची दोन गाड्या भरून माणसं टोल्यात गेली. वहिनींनी हळदकुंकू, नारळ, खणाची ओटी सगळं नेलं होतं. जागेची पूजा झाली. टोल्यातल्या बायका पदरात तोंड झाकून बघत होत्या. त्यांच्याकडं नळ बसवताना कुणी एवढं करत नाही. मग मिस्त्रीच्या माणसांनी पाइप उभा करून ठोकायला सुरुवात केली. पाइप वर-खाली होत होता आणि राखाडी गाळ बाहेर पडत होता. तीस-पस्तीस फुटांवर भसकन पाणी उसळलं. साहेबांच्या चष्म्यावर शिंतोडे उडाले.

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, मीही ओंजळ पुढं केली. रक्तातलंच आहे ते. आमच्यातल्या एकानं गणपती बाप्पा मोरयाची आरोळी दिली, कुणीतरी नारळ फोडला, आणि साहेब हात वर करून ओरडले, "बस! लागलं पाणी! थांबवा!"

मी पुढं झाले. "साहेब, हे वरचं पाणी आहे. टोल्यातले सगळे शोषखड्डे यातच पाझरतात. अजून खाली जायचंय. चिकणमाती लागेल, ती ओलांडायची."

"अहो मॅडम, लागलेल्या पाण्याच्या खाली कुणी जातं का? पाणी पळतं."

इथं वाचकाला सांगायला हवं, की हे त्यांचं म्हणणं मंगळवेढ्यात खोटं नाही. आमच्याकडं कातळ असतो, त्याला भेगा असतात. एका भेगेत पाणी लागलं आणि लोभानं आणखी खोल गेलं, तर खालच्या कोरड्या भेगेतून ते पाणी निघून जाऊ शकतं. अशा पळालेल्या पाण्याच्या गोष्टी आमच्या मुलखातल्या प्रत्येकानं ऐकलेल्या असतात. पण इथं कातळ कुठाय? भेग कुठाय? पायाखाली नुसती वाळू आणि माती, आणि दोन्ही पाण्यानं भरलेली.

मी हे सगळं तिथं उन्हात उभं राहून सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. साताऱ्याचे, बीडचे, नगरचे सगळे शिकलेले, मोठ्या हुद्द्यांवरचे लोक माझ्याकडं असे बघत होते, जणू मी भरल्या ताटाला लाथ मारतेय. एकजण म्हणाला, "ताई, देव देतोय ते घ्यावं. हाव बरी नव्हे." हाव! एका बाळंतीण होणाऱ्या बाईला बिनजंतूंचं पाणी मिळावं ही माझी हाव!

मिस्त्रीला विचारलं तर तो तंबाखू मळत म्हणाला, "जैसा साहब कहें." पाइप निघाले, सामान गोळा झालं आणि तो पुढच्या गावाच्या कामाला गेला.

पुढचा प्रकार याहून वाईट. त्या उथळ भोकावर साध्या छोट्या नळाचं डोकं बसवलं असतं तरी बायकांनी ओळखलं असतं, हे पाणी प्यायचं नाही. पण मंडळाला भारी वस्तू हवी होती. म्हणून वर बसवला मार्काचा जाड बुंध्याचा पंप, हिरवागार रंग दिलेला, खाली सिमेंटचा ऐसपैस ओटा. वरून कीर्तन, आतून तमाशा. टोल्यातली कुठलीही बाई दुरून तो पंप बघून हेच म्हणणार, की मार्का आला.

मी नमुना घरी आणला. जंतूंची एक साधी तपासणी असते. छोट्या बाटलीत औषध असतं, त्यात पाणी भरून ठेवायचं. संडासातले जंतू असले तर पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर ठेवलेली बाटली डांबरासारखी काळी झाली होती. जुन्या संस्थेतल्या सहकाऱ्यांकडून नीट तपासून घेतलं, तेच निघालं. मी साहेबांना फोन केला.

"हो का," ते म्हणाले. "पण त्या लोकांना सवय असते हो. आपल्याला जे बाधेल ते त्यांना बाधत नाही."

"त्यांचं एक मूल याच सवयीनं गेलंय, साहेब."

"तुम्ही फार भावनिक होता. उद्घाटन ठरलंय, पाहुण्यांची वेळ घेतलीय. नंतर बघू काय करायचं ते. जरा क्लोरीन-बिरीन टाकू."

मी फोन आपटला. लेक आतल्या खोलीतून म्हणाली, "आई, छोड़ो ना यार, आप हर बात पे लड़ते हो." मी तिलाही चार शब्द ऐकवले. तिचा काही दोष नव्हता. पण समोर जो येईल त्याला ऐकवावं अशीच त्या दिवशी माझी तऱ्हा होती.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या आल्या मी तिला सांगितलं, की नव्या नळाचं पाणी कुणी पिऊ नका, पोराला तर थेंबही नको. सून नुकतीच बाळंत झाली होती, मुलगा. बाई हातातला झाडू तसाच धरून उभी राहिली.

"पर दीदी, लगवाया तो आप ही लोगों ने. मार्का है. साहब सबके सामने बोले थे, अमृत है."

"साहब ग़लत बोले."

"साहब तो इंजीनियर हैं ना?" तिनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. "आपकी मानें कि साहब की?"

पाणी देणारे आम्ही, विष म्हणणारेही आम्हीच. टोल्यातल्या पुरुषांनी तर ठरवूनच टाकलं होतं, की शहरातल्या मॅडमचं साहेबांशी काही बिनसलंय म्हणून ती नळाला नावं ठेवते. तरी बाईनं सुनेला सांगितलं. पण बाई दिवसभर शहरात, सुनेचा नवरा मजुरीला, आणि घरात एकटी ओली बाळंतीण. तिला दूध पुरेसं येत नव्हतं म्हणून डब्याची पावडर सुरू होती. आता सांगा, ती पोराला झोळीत टाकून शेताच्या पलीकडं शाळेपर्यंत जाणार, की दारातल्या नव्या कोऱ्या मार्काचं पाणी घेणार? आणि उकळायचं तर चुलीला लाकूड कुणी आणायचं?

एके दिवशी बाई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिचा फोन आला तो हॉस्पिटलमधून. मी तशीच रिक्षा करून गेले. एका कॉटवर दोन-दोन लेकरं. बाईच्या सुनेचं पोर त्यांतलं एक. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, कपाळाच्या शिरेत सलाइनची सुई. रडायचं त्राणही त्याच्यात नव्हतं. सून भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जणू मीच तिला रागावणार आहे अशा आवाजात म्हणाली,

"साफ़ वाला ही दिए थे, दीदी. नए नल का."

माझ्या आयुष्यात मला इतका संताप कधीच आला नव्हता. तिच्यावर नाही. ती जे करायला हवं तेच करत होती. पूर्वी ती शाळेपर्यंत चालायची आणि तिचं पोट, तिच्या पोटातलं पोर सुखरूप होतं. आम्ही गेलो, आरत्या केल्या, ओटी भरली, आणि तिचं ते चालणं थांबवलं. आम्ही गेलोच नसतो तर हे पोर तिथं झोपलेलं नसतं. असलं दान करण्यापेक्षा आम्ही घरी बसून श्रीखंड खाल्लं असतं तर पुण्य लागलं असतं.

पोर वाचलं. अगदी थोडक्यात वाचलं, पण वाचलं. मी मंडळाच्या ग्रुपवर सगळी हकिकत लिहिली, काळ्या बाटलीच्या फोटोसकट. कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणी रडक्या तोंडाचं. साहेबांनी लिहिलं, "बाळाला आराम पडो ही प्रार्थना. रविवारी सर्वांनी वेळेवर जमावे. ड्रेस कोड चिकन कुर्ता."

रविवारी मी गेले. न जाऊन काय झालं असतं? टोल्यात मांडव घातलेला, माइक लावलेला. आमची सगळी पुरुषमंडळी लखनौच्या चौक बाजारातून आणलेल्या, भरतकामाच्या कोऱ्या चिकन कुर्त्यांत. पंपाशेजारी काळ्या दगडाची पाटी, तिच्यावर साहेबांचं नाव आणि ठळक अक्षरांत 'शुद्ध पेयजल'. गाडीच्या डिकीतून पाण्याच्या सीलबंद बाटल्यांची खोकी उतरत होती. प्रत्येक खुर्चीसमोर एकेक बाटली ठेवली गेली. शुद्ध पेयजलाच्या उद्घाटनाला विकतचं पाणी, आणि यात काही चुकतंय असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. ज्याची त्याची बाटली ज्याच्या त्याच्या हातात.

पाहुणे कुणी वरचे अधिकारी होते. ते आले, फीत कापली, पंपाच्या दांड्याला दोनदा हात लावून फोटो काढून घेतला. साहेबांनी भाषण केलं. महाराष्ट्राची माती, उत्तर प्रदेशाचं पाणी, असं बरंच काही. मी मागं बायकांत बसले होते. बाईच्या मांडीवर पोर होतं, हॉस्पिटलातून घरी आणलेलं, अजून काडीसारखं. सून शेजारी दिसत नव्हती.

भाषण संपलं आणि सून आली. हातात थाळी. थाळीत गुळाचे खडे. ती सगळ्यांच्या देखत नव्या पंपापाशी गेली, स्वतः दांडा मारला, स्टीलचा ग्लास काठोकाठ भरला आणि थाळीत ठेवला. दारी आलेल्या पाहुण्याला गूळपाणी द्यायची रीत त्यांच्याकडंही आहे आणि आमच्याकडंही. मंगळवेढ्यात उन्हातून आलेल्या माणसानं गूळपाणी नाकारलं तर घरधनी आयुष्यभर बोलून दाखवतो. साहेबांना हे माहीत नव्हतं असं होणार नाही.

ती पाहुण्यांच्या पुढून सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. एकदाच तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली,

"पहिले आप, बाबूजी. आप ही का नल है."

टोल्यातला एकेक पुरुष, एकेक बाई साहेबांच्या हाताकडं बघायला लागली. साहेबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. ग्लास उचलला. मला वाटतं, ते प्यायलेच असते. हट्टी माणूस, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही अशातला. पण शेजारी वहिनी बसल्या होत्या, आणि माइक अजून चालू होता.

"अहो, नका पिऊ ते! पोट बिघडेल!"

लाउडस्पीकरमधून ते सगळ्या टोल्याला ऐकू गेलं. वहिनींनी दचकून तोंडावर हात ठेवला. बाईनं माझा दंड धरला आणि विचारलं, "का कहिन, दीदी?"

मी उठून उभी राहिले. मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "कह रही हैं, मत पीजिए. पेट ख़राब हो जाएगा."

सुनेनं साहेबांच्या हातातला ग्लास अलगद काढून घेतला, अगदी अदबीनं, आणि त्यातलं पाणी त्या काळ्या पाटीच्या पायाशी ओतलं. मग पहिल्यांदाच मान वर करून तिनं विचारलं,

"तौ हमरे लरिका के पेट नाहीं है का?"

ती सासूच्या मांडीवरचं पोर उचलून निघून गेली. तिच्यामागं एकेक करून सगळ्या बायका उठल्या. पाहुण्यांना अचानक दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. साहेब माझ्याजवळ येऊन दात ओठ खात म्हणाले, "झालं तुमचं समाधान?"

"नाही," मी म्हणाले.

त्या आठवड्यात बाई कामावर आली ती हातात एक लांबलचक बोचकं घेऊन. जुन्या साडीत गुंडाळलेला तो पंपाचा लोखंडी दांडा होता. टोल्यातल्या बायकांनी काढून घेतला होता, कुणी चुकूनही पाणी उपसू नये म्हणून. साहेबांचं घर तिनं मला विचारून घेतलं, टेम्पो बदलत ते जड लोखंड निशातगंजपर्यंत नेलं, त्यांच्या दारात चपलांच्या शेजारी ठेवलं आणि सांगितलं, "बहू ने भेजा है. जब आप पिएँगे, तब लगेगा." हे मला नंतर वहिनींनीच सांगितलं.

साहेब हलले नाहीत. मी राजकारण केलं, मंडळाची बेअब्रू केली, असं सगळ्यांना सांगत राहिले. दांडा दारात पडून राहिला. वहिनी रोज रांगोळी काढायला तो उचलून बाजूला ठेवायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या. दिवाळीच्या आधी त्यांचा मला फोन आला. आवाज रडका नव्हता, चिडलेला होता. "रोज सकाळी तेच तोंड बघते मी त्या लोखंडाचं," त्या म्हणाल्या. "किती खोल जायचं तेवढं सांगा. ह्यांना मी बघून घेते."

दुसऱ्यांदा बोअर घेतला तेव्हा नारळ नव्हता, मांडव नव्हता, साहेबही नव्हते. मी पाइपापाशी स्टूल टाकून बसले होते. वरचं पाणी लागलं तेव्हा मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, चला पुढं. पिवळी चिकणमाती आली, घट्ट, मळलेल्या कणकेसारखी. ती संपेपर्यंत जीवात जीव नव्हता. मग खाली जाड वाळू लागली. वरच्या थराचं पाणी खाली झिरपू नये म्हणून पाइपाभोवतीची पोकळी मी चिकणमातीनं ठासून बंद करून घेतली. पाणी तपासलं, परत काही दिवसांनी तपासलं. फ्रिजवरची बाटली स्वच्छ राहिली.

दांडा वहिनींनीच परत आणला. बसवून झाल्यावर त्यांनी ग्लास भरला आणि उभ्यानं, एका दमात प्यायला. सुनेनं रिकामा ग्लास बघितला. मग म्हणाली, "एक और, अम्मा." वहिनी दुसराही प्यायल्या. त्यानंतरच तिनं आपला हंडा पंपाखाली लावला.

पाटी अजून तिथंच आहे, साहेबांच्या नावाची. मंडळाच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात त्या पंपाचा फोटो पडद्यावर दाखवतात आणि लोक टाळ्या वाजवतात. साहेब आजही म्हणतात, की पहिल्याच बोअरला उत्तम पाणी लागलं होतं.

ते पोर आता पळतं. मी अधूनमधून टोल्यात जाते. सुनेची एक सवय झालीय. शहरातून कुणीही येवो, डॉक्टर, मास्तरीण, मोजणीवाले, ती आधी गूळ आणि दारच्या नळाचं पाणी पुढं करते आणि समोरच्यानं प्यायल्याशिवाय त्याचं काही ऐकून घेत नाही. मलाही सूट नाही. मी पीत असते तेव्हा ती माझ्या गळ्याकडं बघत असते, घोट खाली उतरतो का ते. माझ्यावरही तिचा पुरता विश्वास नाही. त्याचा मला राग येत नाही. तो विश्वास ज्यांनी तिच्या दारात येऊन, ओटी भरून, नारळ फोडून संपवला, त्यांचा येतो. आणि त्या गाड्यांमधून मीच त्यांना तिच्या दारापर्यंत नेलं होतं.